जाळीचं दुसरं टोक

बाल्टिमोर
१४ मार्च १९७१

वर्लीन,

तुझं पत्र मिळालं. आपला भाऊ पर्विस न्यूअर्कला गेला, बायकामुलांसकट गेला आणि जाताना दारातली खुर्चीसुद्धा घेऊन गेला, हे सगळं तू तीन पानं भरून लिहिलंस. मुद्द्याचं मात्र एक अक्षर नाही. आता भट्टीवर पप्पांच्या समोर कोण उभं राहणार?

पप्पा डोक्याकडचं टोक धरणार, ते उघड आहे. पण भाजताना डुक्कर उलटायला माणसं दोन लागतात. दोन जाळ्यांच्या मध्ये सव्वाशे पौंडांचं अख्खं जनावर, खाली निखारे, आणि दोघांनी एकाच दमात उचलून गोठ्याच्या बाजूला फिरवायचं. एकाचा हात क्षणभर मागे राहिला तर आठ तासांची मेहनत राखेत. पर्विसशिवाय दुसरं कुणी तिथे उभं राहिलेलं मी तरी तीस वर्षांत ऐकलेलं नाही.

शेजारचे टेट काका म्हणशील तर त्यांची कंबर गेलेली. भाड्याने माणूस आणणं पप्पांना सोसायचं नाही. आणि ऑगस्टात चर्चचा मेळा आहे, गाव सोडून गेलेले तीनशे जण घरी येणार आणि पानात काय आहे ते आधी बघणार. मला तर इथे घास गोड लागत नाही. लगेच कळव.

तुझी ताई,
आयोला

~

नॉर्थ कॅरोलायना
२ एप्रिल १९७१

आयोलाताई,

एवढी काळजी करू नकोस. पप्पांच्या समोर मी उभी राहते.

मागच्या शनिवारी त्यांनी मला हाक मारली. मी शिवणाच्या मशीनवर बसले होते, तोंडात टाचण्या. म्हणाले, "सोड ते, बाहेर ये, आणि हाताला काहीतरी गुंडाळ." मी म्हटलं, मला यातलं ओ की ठो कळत नाही. तर म्हणाले, "तेच बरं. ज्यांना कळतं ते बडबडतात."

उलटलं आम्ही. फाटलं नाही. माझ्या भुवया थोड्या जळल्या आणि केसांचा धूर तीनदा धुऊनही जात नाहीये. खरं सांगू, मला यात काही गोडी नाही. पण त्यांना माणूस हवं होतं आणि घरात मीच आहे.

पप्पा मजेत आहेत. हल्ली भट्टीवर झाकलेल्या टिनाच्या पत्र्यावर तळहात ठेवतात आणि कान लावून बसतात. चरबी निखाऱ्यावर कशी पडते त्या आवाजावरून कुठे आच कमी झाली ते सांगतात. तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. खुर्चीच्या गोष्टीला खूप हसले.

तुझी,
वर्लीन

~

बाल्टिमोर
९ एप्रिल १९७१

वर्लीन,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि मग घडी घालून पिठाच्या डब्याखाली ठेवून दिलं, कारण समोर दिसलं की पोटात दुखत होतं. तुझ्यापाशी खोटं कशाला बोलू? मला तुझा हेवा वाटतो. साधासुधा नाही, अंगाचा तिळपापड होतो इतका.

तुला आठवायचं नाही, तू पाच वर्षांची होतीस. मी तेरा वर्षांची असताना पप्पांना म्हटलं होतं, मला शिकवा. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं आणि म्हणाले, "हे बायकांचं काम नाही. जा, कोबी चिर." मी गेले आणि कोबी चिरला. पण त्यानंतर दर खेपेला अंजिराच्या झाडाआड उभी राहून मी सगळं पाहिलं. ओकचं लाकूड किती, हिकरीचं किती. निखारे मांड्यांखाली आणि खांद्यांखाली जास्त टाकायचे, बरगड्यांखाली दाखवण्यापुरते. भाजून काळ्या पडलेल्या पाठीवर पाणी कधी सुटतं, कातडी कधी डफासारखी वाजते. मग पर्विस बारा वर्षांचा झाला आणि पप्पांनी त्याला बोलावलं. मी तेव्हा पंधराची होते, माझे दंड त्याच्यापेक्षा भरलेले होते. तो पहिल्या दिवशी रडला, माहीत आहे का? धुराने नाही, भीतीने. मी झाडाआडून पाहत होते.

आणि आता तू. तोंडात टाचण्या घेऊन बसलेली तू. तुला गोडी नाही म्हणतेस. ज्याला भूक नाही त्याच्याच ताटात वाढायची रीत कुणी काढली कोण जाणे.

इथे काय मिळतं ते ऐक. हे लोक जळत्या कोळशावर गाईच्या मांसाचा तुकडा टाकतात, तासाभरात काढतात, आतून लालभडक, कागदासारखे काप करतात आणि त्याला बार्बेक्यू म्हणतात. मी काम करते त्या शाळेच्या स्वयंपाकघरात एक बाई आपल्याच राज्याच्या पश्चिमेकडची आहे. तिच्या गावी नुसता खांदा भाजतात आणि व्हिनेगरमध्ये टोमॅटो घालतात. टोमॅटो! मी तिच्याशी आठवडाभर बोलले नाही. गेल्या रविवारी मी मागच्या अंगणात पिंप कापून एक खांदा लावला. नवरा म्हणाला, छान झालाय, थोडा रॉकेलचा वास येतो एवढंच.

लाकूड कोणतं वापरताय? लाकूड जाळायच्या पिंपात निखारे पूर्ण पडू देता की घाई करता? पाइनचं ढलपंसुद्धा जवळ येऊ देऊ नकोस.

आयोला

~

नॉर्थ कॅरोलायना
२ मे १९७१

आयोलाताई,

ओकच वापरतो, हिकरी थोडी. पाइन नाही. तू सांगितलेलं सगळं तसंच चाललंय, काळजी नको.

हॅटीमावशी गेल्या. दफनानंतरच्या जेवणाचं डुक्कर आमच्याकडेच होतं. लोक बोटं चाटत होते. डीकन जॉयनर, आपले चर्चचे कारभारी, दोनदा वाढून घेऊन म्हणाले, "ब्रदर सेफस, पर्विस होता तेव्हासुद्धा असं झालं नव्हतं. ही पोरगी आजवर कुठे लपवली होतीत?" पप्पा नुसते हसले. मला लाजल्यासारखं झालं.

आता तुझ्यापाशी कबूल करते, थोडं आवडायला लागलंय. मी माझं फावडं भट्टीच्या विटांवर वाजवते, पप्पा त्यांचं वाजवतात, आणि तेवढ्यावर आमचं काम होतं. दिवसभरात दहा शब्द बोलत नसू. या घरात इतकी शांतता मी पहिल्यांदा अनुभवतेय.

ऑगस्टच्या मेळ्याचं डुक्कर यंदाही पप्पांकडेच. दुसरा रविवार. ते आतापासून लाकूड रचून घेतायत.

वर्लीन

~

बाल्टिमोर
२० मे १९७१

वर्लीन,

"ही पोरगी आजवर कुठे लपवली होतीत." वा. जॉयनरला मी तेरा वर्षांची असल्यापासून ओळखते. माझ्या हातची कोशिंबीर तो तीस वर्षं खातोय. मला कुणी लपवलं होतं का, हे त्याने कधी विचारलं नाही.

तुम्ही फावडी वाजवता म्हणे. मला एक ओळ लिहायला या घराने कधी वेळ काढला नाही, पप्पांचं स्वतःच्या हातचं पत्र येऊन वर्ष होत आलं, आणि तुम्ही दोघं फावडी वाजवता.

असो. मी मेळ्याला येते. रजा टाकलीय. आणि त्या दिवशी जाळीचं दुसरं टोक मी धरणार. एक दिवस. तुझ्याकडे सगळं वर्ष आहे. पप्पा अडुसष्ट वर्षांचे झाले, आणखी किती उन्हाळे भट्टीवर उभे राहतील? मला आयुष्यात एकदा त्यांच्या समोर उभं राहायचंय. याहून जास्त मी कधीच काही मागितलेलं नाही. तू कोबी चिर. कसा चिरायचा ते मी शिकवीन, मला भरपूर सवय आहे.

पप्पांना विचारत नाही, तुला विचारतेय.

आयोला

~

नॉर्थ कॅरोलायना
६ जून १९७१

आयोलाताई,

मेळ्याला जरूर ये. पण टोक मी सोडणार नाही. कारण विचारू नकोस. दुसरं काही माग, देते.

वर्लीन

~

बाल्टिमोर
१३ जून १९७१

आदरणीय डीकन जॉयनर यांस,

सेफस मोय यांची थोरली मुलगी आयोला हिचा नमस्कार. आपण आणि घरची मंडळी खुशाल असाल.

पत्र लिहिण्याचं कारण जरा नाजूक आहे. माझी धाकटी बहीण वर्लीन सध्या वडिलांबरोबर भट्टीवर उभी राहते, हे आपण जाणताच. पोरगी गुणी आहे, त्याबद्दल वाद नाही. पण तिचा पिंड शिवणकामाचा. मनगटं बारीक, अनुभव अडीच महिन्यांचा. घरच्या कार्याला चालून जातं, मात्र मेळ्याला तीनशे माणसं बसतात आणि ऐन वेळी जाळी हातून सुटली तर मोय घराण्याची नव्हे, चर्चची शोभा होईल. तिला हे सांगितलं तर तिला राग येतो.

आपण एकदा भट्टीवर काम चालू असताना जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं, एवढीच विनंती. न सांगता गेलात तर जास्त बरं. दुसरं सशक्त आणि माहीतगार माणूस उभं करावं असं आपल्याला वाटलं, तर मी ऑगस्टात गावी येतच आहे. हे पत्र आपल्यापाशीच राहावं.

आपली नम्र,
आयोला मोय गॅस्किन्स

~

नॉर्थ कॅरोलायना
११ जुलै १९७१

आयोला,

ताई लिहायला आज हात वळत नाही.

तुझ्या म्हणण्याप्रमाणे डीकन आले. चार जुलैच्या सणाचं डुक्कर लावलं होतं तेव्हा, न सांगता आले. कुंपणापाशी उभे राहून बघत होते. मला ते दिसले नाहीत, मी धुराच्या बाजूला होते. पप्पांनी पावलांचा आवाज ऐकला आणि टेट काका समजून म्हणाले, "ये, बैस, अजून दोन तास आहेत." डीकन जवळ गेले आणि पप्पांच्या चेहऱ्यासमोर हात हलवला. मग म्हणाले, "ब्रदर सेफस, मी किती बोटं धरलीत?"

पप्पांनी फावडं खाली ठेवलं. त्यांना बोटं दिसत नव्हती. त्यांना हातही दिसत नव्हता. मागच्या नोव्हेंबरपासून त्यांना काहीच दिसत नाही. शुगरने डोळे गेले. आधी डावा, मग थँक्सगिव्हिंगपर्यंत दोन्ही.

आता तुला सगळंच सांगते. मी फावडं विटांवर वाजवते ना, ती आमची खूण आहे. दोन ठोके म्हणजे मांड्यांकडे, तीन म्हणजे खांद्यांकडे. किती टाकायचे ते त्यांना आवाजावरून माझ्यापेक्षा चांगलं कळतं, फक्त कुठे ते मी सांगते. आठ महिने पोटभर जेवून गेलेल्या एकाही माणसाला संशय आला नाही. पर्विसला ठाऊक होतं. त्याला ते बघवेना म्हणून तो गेला.

मला पप्पांनी शपथ घातली होती. "गावाला कळलं तरी चालेल, आयोलाला नको," म्हणाले. "ती पहिल्या गाडीने येईल आणि माझ्या हातातलं फावडं काढून घेईल. ती माझ्यापेक्षा चांगली आहे, मला माहीत आहे. लहान होती तेव्हापासून अंजिराआडून बघायची. मीही हळूहळू करायचो, तिला दिसावं म्हणून."

मेळ्याचं डुक्कर त्यांच्याकडून काढून घेतलं. आंधळ्याला विस्तवापाशी उभं केलं आणि काही झालं तर चर्च जबाबदार, असं डीकन म्हणाले. मनाने वाईट नाहीत ते. यंदा शेजारच्या गावचा एक जण गॅसवरचं यंत्र गाडीला जोडून आणणार आहे. पप्पांनी तेव्हापासून भट्टी पेटवलेली नाही. ओसरीत बसतात. रचलेलं लाकूड तसंच आहे.

डीकन तुझं पत्र आमच्या टेबलावर विसरून गेले. की ठेवून गेले, कोण जाणे. मी ते पप्पांना वाचून दाखवलेलं नाही. तुझी सगळी पत्रं मी त्यांना वाचून दाखवते, पण तुझी जळजळ गाळून. तू त्यांना फार गोड माणूस वाटतेस.

आणि आता माझंही ऐक, म्हणजे हिशेब पुरा होईल. मी टोक का सोडलं नाही? एक कारण सांगितलं. दुसरं हे की उलटायची वेळ आली, दोघांनी जाळी धरली, की पप्पा म्हणतात, "आयोला, उचल." पहिल्या शनिवारपासून. दर वेळी. मी एकदाही सुधारलं नाही. भुवया माझ्या जळतात, हाताला फोड माझ्या येतात, अख्खा दिवस त्यांचे डोळे मी होते, आणि नेमक्या त्या क्षणी ते तुला हाक मारतात. तू येऊन खरोखरच तिथे उभी राहिली असतीस तर मला पुन्हा मशीनवर बसायला कुणी सांगावंही लागलं नसतं. छत्तीस वर्षांची झाले, आयोला. तुला वाटतं जळायला एकट्या तुलाच येतं.

वर्लीन

~

बाल्टिमोर
१८ जुलै १९७१

वर्लीन,

चार वेळा लिहिलं आणि चार वेळा फाडलं. जे केलं त्याला माझ्यापाशी शब्द नाहीत. हेव्याने आंधळी मीच झाले होते, हे लिहायलाही लाज वाटते.

मी येते. तू बोलू नकोस, पण दार उघड.

आयोला

~

नॉर्थ कॅरोलायना
२९ जुलै १९७१

ताई,

ये.

पप्पांना तू येतेयस एवढंच सांगितलं. मग म्हणाले, "तिला कळलं?" मी हो म्हटलं. कुणी सांगितलं ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही, आणि तूही सांगायचं नाहीस. ती तुझी शिक्षा समज.

आज सकाळी त्यांनी मला पिंप साफ करायला लावलं. मेळ्याच्या रविवारी घरच्यापुरतं एक लहान डुक्कर लावायचं म्हणतात. कुणाला बोलवायचं नाही. आयोला दमून आलेली असेल, तिला काहीतरी बरं खायला नको का, म्हणाले.

टोक तू धर. मी घरात कोबी चिरते. माझा राग गेलेला नाही, पण तुझं ते पत्र, अंजिराचं, मी काल पुन्हा वाचलं. दोन ठोके मांड्या, तीन ठोके खांदे. विसरू नकोस. फिरवायचं गोठ्याच्या बाजूला. आणि "सांभाळा, पप्पा" असं चुकूनसुद्धा म्हणू नकोस. त्यांना तेवढं एक सहन होत नाही.

वर्लीन

~

बाल्टिमोर
२९ ऑगस्ट १९७१

वर्लीन,

परत येऊन तीन आठवडे झाले. तू पाठवलेला डबा संपला. नवऱ्याने शेवटचा घास खाताना रॉकेलचं नाव काढलं नाही. पश्चिमेकडच्या त्या बाईला मुद्दाम चमचाभर दिलं. ती चावत राहिली आणि शेवटी म्हणाली, "यात टोमॅटो नाही तरी कसं?" आता मी तिच्याशी बोलते.

तो दिवस तू स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलास, म्हणून वर्णन करत बसत नाही. दुपारी डीकन टोपी हातात धरून कुंपणाबाहेर आले, आणि पप्पा त्यांच्या पावलांवरून ओळखून म्हणाले, "जॉयनर, गॅसचं जेवलास ना? मग आता जेवायला ये." हेही तू ऐकलंस. मला डीकनच्या डोळ्यांत बघवेना. तो विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. उभ्या उभ्या दोन ताटं जेवून गेले.

पण एक गोष्ट तू ऐकली नाहीस. तेव्हा तुझी सुरी पाटावर चालू होती. तुला सांगणार नाही असं मी गाडीत बसतानाच ठरवलं होतं आणि तीन आठवडे पाळलं.

दिवसभर सगळं नीट झालं. दोन ठोके, तीन ठोके. अंदाजाने टाकत होते ते, पण तीस वर्षांपूर्वी झाडाआडून दिसायचं त्यात आणि यात काही फरक नव्हता. मग त्यांनी पत्र्यावर तळहात ठेवला, मान हलवली, आणि आम्ही पत्रे काढले. वरची जाळी ठेवली, तारा बांधल्या. ते डोक्याकडे गेले, मी मांड्यांकडे. मी हाताला कापड गुंडाळलं. चव्वेचाळीस वर्षांची बाई मी, शाळेत पाचशे मुलांना जेवू घालते, आणि ते कापड मी तीनदा सोडून पुन्हा गुंडाळलं. त्यांनी जाळी धरली. मी धरली. मी वाट पाहत होते, माझ्या नावाची. तू लिहिलंस तेव्हापासून मी दुसरं काही ऐकतच नव्हते.

ते म्हणाले, "वर्लीन, उचल."

मला वाटलं, सवयीने चुकले. म्हणून मी हळूच म्हटलं, "पप्पा, मी आयोला."

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "उचल."

आणि मी उचललं. फाटलं नाही.

आता तुला सांगितलं, आणि सांगतानाही माझा जळफळाट होतोय, तेव्हा मी सुधारले असं समजू नकोस. पप्पांना हे पत्र वाचून दाखव. नेहमी गाळतेस ते या वेळी गाळू नकोस.

तुझी,
आयोला